मौनाचा वेढा

ज्या माणसाबद्दल मी लिहायला बसले आहे त्याचं नाव या लेखात कुठेही येणार नाही. त्याचं नाही तर मग इतरांचं तरी कशाला, म्हणून मी कुणाचंच घेत नाही. आमच्या मांत्रिकांच्या राज्यात मंत्र चोरणाऱ्याला हीच शिक्षा होती. फाशी नाही, कोठडी नाही, फक्त त्याचं नाव घेणं बंद. ही शिक्षा ठरवली तेव्हा मी तेरा वर्षांची होते आणि माझी मैत्रीण माझ्याहून जराशी मोठी. आज आमच्या दोघींचे गुडघे गेले, निम्मे दात गेले, पण शिक्षा चालू आहे. लोक म्हणतात, जाऊ दे गं, माणूस गेला, आता कशाला उगाळतेस? माणूस गेला हे मला मान्य आहे. पण त्याने आमचं नेलेलं परत कुठे दिलं?

आमची चाळ लालबागला. माझे वडील गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर, होते, आई मालवणकडची. शेजारच्या खोलीत माझी मैत्रीण, तिची विधवा आई आणि तिचे काका राहायचे. हे काका म्हणजेच तो माणूस. गिरणीच्या ऑफिसात कारकून, लग्न केलेलं नाही, भावामागे भावजयीला आणि पुतणीला सांभाळतो म्हणून चाळीत फार मोठं नाव. सांभाळणं म्हणजे काय, ते भिंतीला भिंत असल्यामुळे आम्हाला ऐकू यायचं. पण त्याचा आवाज होता खणखणीत, बोलणं पुण्याच्या नटासारखं, आणि गणपतीतल्या नाटकात राजा कायम तोच.

संयुक्त महाराष्ट्राचे ते दिवस. खाली रस्त्यावर "झालाच पाहिजे"च्या घोषणा, मग पोलिसांच्या गाड्या, मग संचारबंदी. शाळा कधी उघडी, कधी बंद. आम्हा मुलींना जिन्याखाली उतरायला मनाई. "खाली पाय ठेवशीत तर तंगडा मोडून ठेवीन," असं आई सकाळीच बजावून टाकायची. मग आम्ही दोघी गच्चीच्या शेवटच्या पायरीवर बसायचो. तिथून एका बाजूला गिरण्यांची धुराडी दिसायची आणि दुसऱ्या बाजूला, लांब, शिवडीची खाडी. ओहोटी लागली की तिथला चिखल उन्हात चकाकायचा. त्या चिखलाच्या पलीकडे मांत्रिकांचं राज्य आहे, हे आम्हाला एका दुपारी कळलं. कुणाला आधी कळलं यावर आम्ही अजून भांडतो.

आम्ही गोष्ट रचत नव्हतो, इतिहास रचत होतो. हा फरक आमच्या दृष्टीने फार मोठा होता. गोष्ट संपते, मग दुसऱ्या दिवशी काय करायचं? इतिहासाला तह असतात, वंश असतात, वेढे असतात, एक लढाई संपली की तिच्या पोटातून दुसरी निघते. शिवाय शाळेत परीक्षेला इतिहासच असतो, गोष्ट नसते. लढाया मैत्रिणीच्या वाट्याला आणि कायदे नि शिक्षा माझ्या. स्वभावच तसा होता दोघींचा. सुरुवात करायची एक ठरलेली पद्धत होती. एकीने विचारायचं, "इतिहास कुणाचा गो?" दुसरीने म्हणायचं, "दोघींचा." हे झाल्याशिवाय एक शब्द पुढे जायचा नाही.

तर त्या राज्यात राजाला मंत्र यायचेच नाहीत. राजा नुसता दिसायला उंच आणि आवाजाने मोठा. सगळे मंत्र, सगळे पूर्वज, कुठल्या पिढीत कोण कुणाशी कसं वागलं, हे सगळं एका बाईच्या डोक्यात असायचं. ती आंधळी असायची आणि सिंहासनाच्या मागे, राजाच्या कानाशी बसायची. तिला म्हणायचे कानाशीची. ती हळूच बोलायची, राजा ते मोठ्याने बोलायचा आणि मंत्र लागू व्हायचा. कानाशीची म्हातारी झाली की तिने एक मुलगी निवडून सगळं तिच्या कानात ओतायचं. राजे आले आणि गेले, त्यांची नावं ठेवायची आम्हाला गरज वाटली नाही. वाकड्या काठीचा राजा, दोन दाढ्यांचा राजा, शिंकणारा राजा, एवढ्यावर भागायचं.

मग मंत्रबंदी आली. काचेच्या महालात राहणाऱ्या सम्राटाने फर्मान काढलं की यापुढे मंत्र म्हणायचे ते दरबारी भाषेतच. झालं, विहिरींना पाणी येईना, दारं उघडेनात, पाळण्यातली पोरं झोपेनात. मंत्र फळायचा तो आईच्या भाषेत, दरबारी भाषेत त्याचा नुसता आवाज व्हायचा. मंत्रबंदी आम्ही कुठून उचलली हे सांगायला नको. एकदा रस्त्यावर अश्रुधूर सुटला आणि तो वर गॅलरीपर्यंत आला. आईने ओल्या फडक्याने आमची तोंडं पुसली, आणि त्याच संध्याकाळी राज्यात सम्राटाने रडवा धूर सोडला. त्याला उत्तर म्हणून राज्यातल्या बायकांनी चुलींचा उठाव केला. सम्राटाच्या काचेच्या महालाला ऊब जायची ती राज्यातल्या चुलींची. बायकांनी एकाच दिवशी सगळ्या चुली विझवल्या आणि महाल गारठून तडकला. चुलींचा उठाव मैत्रिणीचा, हे मी कबूल करते. मला तो इतका आवडला की मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही.

पण आमच्या इतिहासाचा कळस म्हणजे मौनाचा वेढा. महाल तडकल्यावर सम्राटाने सगळं सैन्य घेऊन राज्याला वेढा घातला. इकडे गादीवर होता वाकड्या काठीचा राजा. त्याला लोकांच्या टाळ्यांची इतकी सवय झाली होती की मंत्र आपलेच आहेत असं तो सांगत सुटला. त्याच्या कानाशी बसलेली कानाशीची, अजून पोरसवदा मुलगी, हे ऐकत होती. वेढ्याच्या दिवशी राजा तटावर उभा राहिला, काठी उगारली आणि कान मागे केला. ती गप्प. राजाने मान हलवली, डोळे वटारले. ती गप्प. खाली सम्राटाचं सैन्य हसायला लागलं. शेवटी राजाला सगळ्यांच्या देखत तोंड उघडून विचारावं लागलं, "पुढे काय?" तेव्हा ती उठली, चाचपडत तटाच्या कडेपर्यंत आली आणि आईच्या भाषेत स्वतःच मंत्र म्हणाली. सम्राटाच्या अख्ख्या सैन्याच्या निवट्या झाल्या. शिवडीच्या चिखलात टुणटुण उड्या मारतात ना त्या मासळ्या, त्याच. घरात निवट्यांचं कालवण झालं की आम्ही दोघी शत्रूवर ताव मारायचो. माझ्या ताटात पडायचा तो नेहमी सेनापती.

आता या सगळ्यात काका कुठून आला? तर संचारबंदीत गिरणीचं ऑफिसही बंद असायचं आणि त्याला घरात करमायचं नाही. एक दिवस पायरीवर येऊन बसला. "काय चाललंय गं पोरींनो? आम्हालाही ऐकवा की." खिशातून लिमलेटच्या गोळ्या काढल्या. आम्ही भुललो. मोठं माणूस आपलं ऐकतंय, मान डोलावतंय, "मग पुढे?" म्हणून विचारतंय, हे आम्हाला नवीन होतं. आम्ही त्याला पहिल्या मांत्रिकापासून वेढ्यापर्यंत सगळं सांगितलं. विसरलेलं आठवून आठवून सांगितलं. ते ऐकताना तो किती प्रेमाने बघायचा ते आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

गणपतीच्या आधी चाळीच्या दरवाज्यात फळा लागला. त्यावर खडूने सजवून लिहिलं होतं: नवंकोरं अद्भुत ऐतिहासिक नाटक, लेखक, दिग्दर्शक आणि प्रमुख भूमिका, तिन्ही ठिकाणी त्याचंच नाव. खाली पात्रांमध्ये वाकड्या काठीचा राजा. मी तिथेच उभी राहिले आणि मैत्रिणीला हाक मारली. तिने वाचलं आणि तिच्या तोंडाचा रंगच उतरला.

तालीम बघायला गेलो तेव्हा खरं कळलं. चोरी एकवेळ सोसली असती. पण त्याने इतिहास फिरवला होता. त्याच्या नाटकात वेढ्याच्या दिवशी राजाला मंत्र आपणहून आठवायचा, छाती पुढे काढून तो एकटाच राज्य वाचवायचा. आणि आमची कानाशीची? ती बहिरी म्हातारी, लुगडं नेसलेला एक जाडा पुरुष, दर प्रवेशात धडपडून लोकांना हसवायला. चुलींचा उठाव तर सगळाच कापलेला. "बायकांच्या चुलीत काय नाट्य आहे?" असं त्याचं म्हणणं.

मी त्याला विचारलं. तालीम संपल्यावर, सगळ्यांसमोर विचारलं, "काका, हा इतिहास आमचा आहे ना?"

तो हसला. "अगं, गोष्ट का कुणाच्या मालकीची असते? ती वाऱ्यावर असते. जो रंगभूमीवर उभी करतो त्याची."

"गोष्ट नाही, इतिहास आहे," मी म्हटलं. "आणि तो असा नाहीच झाला."

तालमीतले सगळे खो खो हसले. घरी पोचायच्या आत ही बातमी पोचली होती. आई म्हणाली, "मोठ्या माणसाच्या तोंडाक लागू नको गो. शेजार आसा आपलो." पलीकडच्या खोलीत मैत्रिणीच्या पाठीत धपाटे पडल्याचे आवाज मात्र आले. मला लाकूडफाट्याइतकंही कुणी मोजत नाही, हे त्या रात्री कळलं आणि मी डूख धरला.

संधी त्यानेच आणून दिली. हा माणूस नट म्हणून कितीही मोठा असला तरी पाठांतर कधी करायचा नाही. "पाठांतर शाळेतल्या पोरांनी करायचं, नटाने भाव दाखवायचे," असं म्हणायचा. विंगेत प्रॉम्प्टर बसायचा, तो वाक्याचा पहिला तुकडा टाकायचा आणि हा ते वाक्य झेलून पुढे फेकायचा. इतकी सवय की अर्थ डोक्यात शिरायच्या आधी शब्द तोंडातून बाहेर. त्याचा नेहमीचा प्रॉम्प्टर त्या वर्षी सत्याग्रह करून तुरुंगात जाऊन बसला. नाटक तर तोंडावर आलेलं. सगळा इतिहास तोंडपाठ असलेल्या चाळीत दोघीच, एक मी. दुसरी त्याची पुतणी, पण तिने विंगेत बसणं त्याला घराण्याला शोभणारं वाटत नव्हतं. मी बसले तर चालणार होतं.

त्या वर्षी वातावरण तंग, म्हणून नाटक संध्याकाळीच उरकायचं ठरलं. खालच्या पटांगणात गणपतीसमोर रंगमंच, गॅलऱ्यांतून बायका, जमिनीवर पोरंटोरं, पुढे खुर्च्यांवर पाहुणे. मी विंगेत स्टुलावर. वेढ्याचा प्रवेश येईपर्यंत मी शहाण्यासारखं प्रॉम्प्टिंग केलं. मग तो तटावर उभा राहिला, काठी उगारली, कान माझ्याकडे केला, आणि मी कागद मांडीवर उपडा ठेवला.

"प्रजाजनहो, हा मंत्र माझा नाही," मी कुजबुजले.

"प्रजाजनहो! हा मंत्र माझा नाही!" तो गरजला.

"कानाशी बसलेल्या पोरीचा आहे."

"कानाशी बसलेल्या पोरीचा आहे!"

"मी तो चोरला."

"मी तो चोरला!" शेवटचा शब्द पुन्हा पुन्हा म्हणायची त्याची खोड होती. "चोरला! चोरला!" तिसऱ्यांदा म्हणताना आवाज मध्येच तुटला, कारण तेवढ्यात अर्थ पोचला असावा. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्या डोळ्यात डोळे घालून बसले होते. मला वाटलं, झालं, मेला.

आणि पटांगण टाळ्यांनी दुमदुमलं. गॅलरीतल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. पाहुणे उठून उभे राहिले. नाटक संपल्यावर प्रमुख पाहुण्यांनी भाषणात सांगितलं की राजाच्या तोंडून अपराधाची कबुली देण्याचं धाडस आजवर कुठल्या लेखकाने केलं नसेल. त्याच्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला. मी विंगेत स्टुलावर बसून रडत होते, रागाने. तो शाल घेऊन आत आला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "छान सुचलं हो तुला. पुढच्या प्रयोगात हे ठेवू या." मी त्याच्यावर मारलेला दगडसुद्धा त्याने खिशात घातला होता.

त्यानंतर मी पायरीवर जाणं सोडलं. इतिहासच नको वाटायला लागला. मैत्रीण एक दिवस मला ओढतच वर घेऊन गेली. दादरच्या एका हॉलमध्ये रविवारी सकाळी त्याच नाटकाचा प्रयोग ठरला होता. गिरगावातल्या एका नाटक कंपनीचे मालक बघायला येणार होते, आवडलं तर काकाला कंपनीत घेणार होते. तो घरात आरशासमोर उभा राहून गिरणीच्या नोकरीच्या राजीनाम्याचं भाषण करत होता.

"मी नाही बसणार प्रॉम्प्टिंगला," मी म्हटलं. "काही सांगितलं तरी तो खाऊन टाकतो."

"मग सांगू नकोस," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"अगं, वेढ्याच्या दिवशी ती काय करते?"

इतके दिवस मी वेडी शब्द शोधत होते. इतिहास आमचाच, आणि मलाच त्याचा विसर पडला होता. मी म्हटलं, "तुला घरात राहायचंय त्याच्या. तुझं काय होईल?" ती म्हणाली, "काय व्हायचं ते होवो. पण त्याने तिला बहिरी केलीय." मग तिने विचारलं, "इतिहास कुणाचा गो?" आणि मी उत्तर दिलं.

काकाला मी सांगितलं की मी बसते. तो खूश झाला. म्हणाला, "तू माझी लकी मुलगी आहेस." हॉल भरलेला होता. कंपनीचे मालक पहिल्या रांगेत, पायावर पाय टाकून. मैत्रीण तिच्या आईबरोबर बायकांच्या बाजूला. पहिले प्रवेश मी असे दिले की त्याने एकदा विंगेत येऊन माझी पाठ थोपटली.

वेढा आला. तो तटावर उभा राहिला. काठी उगारली. कान माझ्याकडे केला. मी तोंड मिटलं.

आधी लोकांना वाटलं अभिनय आहे. राजा विचारात पडलाय. त्याने काठी या हातातून त्या हातात घेतली. आधीचंच वाक्य पुन्हा म्हटलं, मग पुन्हा म्हटलं. चालत विंगेपर्यंत आला आणि दातांतल्या दातांत म्हणाला, "दे ना." मी त्याच्याकडे बघत बसले. तो परत तटावर गेला. खाली सम्राटाचं सैन्य म्हणून उभे असलेले आमच्या चाळीतले साचेवाले एकमेकांकडे बघायला लागले, एकाने ड्रेपरीवाल्याकडून भाड्याने आणलेल्या चिलखतात हात घालून पाठ खाजवली. मागून कुणी ओरडलं, "ओ राजेसाहेब, मंत्र विसरला काय?" हॉल हसला. त्याच्या कपाळावरचा रंग घामाने ओघळून दाढीत उतरला. मला त्या क्षणी काय वाटलं ते स्पष्ट लिहिते: मला अतिशय आनंद झाला. आयुष्यात नंतर लग्न झालं, मुलं झाली, पण तो आनंद वेगळाच.

शेवटी त्याचा धीर सुटला. सगळा हॉल ऐकत असताना विंगेकडे वळून तो ओरडला, "अगं, पुढे काय? सांग ना!"

मी स्टुलावरून उठले आणि मोठ्याने म्हटलं, "नाटक तुम्ही लिहिलंत ना, काका? मग तुम्हीच सांगा."

कंपनीच्या मालकांनी पायावरचा पाय खाली घेतला. मला तिथे थांबायचं नव्हतं. कानाशीची पुढे येते, म्हणून मी परकर सावरत रंगमंचावर आले आणि लोकांना सांगायला लागले, "हे असं झालंच नाही. राजाला मंत्र येतच नव्हता. खरं म्हणजे..." तेवढ्यात कुणीतरी आतून पडदा सोडला. शेवट माझ्या तोंडातच राहिला.

कंपनीचे मालक चहासुद्धा न घेता गेले. आम्ही चाळीत पोचायच्या आधी हकिगत पोचली होती. मला वाटलं आता आई फोडून काढणार. ती चुलीपाशी बसली होती. तिने मला खालीवर बघितलं आणि म्हणाली, "बरा केलंस. जेवूक बस." एवढंच.

पण त्याने सूड घेतला, आणि माझ्यावर नाही घेतला. माझ्यावर घेतला असता तर मी त्याला जरा तरी मान दिला असता. त्याने पुतणीची शाळा सोडवली. "पोरीला फाजील शिक्षण झालंय," म्हणून तिला कोकणात पाठवून दिली, गुरं राखायला आणि नंतर लग्न करून द्यायला. वर्गात पहिली येणारी मुलगी. ती जाताना एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढून म्हणाली, "शेवट राहिला गो सांगायचा." मी मान हलवली. त्याने त्यानंतर नाटकात काम केलं नाही, चाळीतली पोरं त्याला बघून "पुढे काय?" म्हणायची, पण तेवढ्याने माझं समाधान होणार नव्हतं. त्याचं फक्त राजेपण गेलं होतं. तिचं काय काय गेलं होतं?

पुढे महाराष्ट्र झाला, चाळीत रोषणाई झाली, पेढे वाटले गेले. मंत्रबंदी उठली, पण ते सांगायला माझ्याजवळ कुणी नव्हतं. मैत्रीण बऱ्याच वर्षांनी नवऱ्याच्या नोकरीमुळे दादरला राहायला आली आणि आमचं पुन्हा सुरू झालं. काका मात्र जगला. खूप जगला. मी वाट बघत होते असं म्हटलं तर लोकांना वाईट वाटेल. वाटू दे.

तो गेला तेव्हा चाळीने शोकसभा ठेवली. पटांगणात खुर्च्या, टेबलावर हार घातलेला फोटो, फोटोत वाकड्या काठीचा राजा. मैत्रीण पुतणी म्हणून घरच्या माणसांत, पहिल्या रांगेत. मी मागे. बोलणारे सगळे आमच्याहून लहान. एकाने सांगितलं, त्यांनी लिहिलेलं ते अद्भुत नाटक म्हणजे लालबागचं भूषण. ते मी गिळलं. मग दुसरा उठला, मंडळाचा अध्यक्ष. म्हणाला, "माझे वडील सांगायचे, दादरच्या प्रयोगात वेढ्याच्या प्रवेशाला काका कितीतरी वेळ एकही शब्द न बोलता नुसते उभे राहिले होते. नुसतं मौन! आणि शेवटी एकच वाक्य, 'पुढे काय?' असा अभिनय पुन्हा झाला नाही."

मंत्र घेतला, कबुली घेतली, आणि आता मौनसुद्धा? कानाशीचीच्या तोंडातलं मौन काढून याच्या फोटोला हार म्हणून घातलं होतं. मैत्रिणीची मान मला मागून दिसत होती. ती ताठ झाली होती.

"आता आपण सर्वांनी उभं राहून दोन मिनिटं स्तब्धता पाळू या," अध्यक्ष म्हणाला.

सगळे उठले. खुर्च्या सरकल्या, माना खाली गेल्या, पटांगण गप्प झालं. मी काठीवर भार देऊन उभी राहिले. आयुष्यात एकदाच मी या माणसासाठी गप्प बसले होते, ते त्याला बुडवण्यासाठी. त्याच्या मानासाठी बसणार नव्हते.

मी नेहमीच्या आवाजात विचारलं, "इतिहास कुणाचा गो?"

माना वर झाल्या. कुणीतरी "श्श" केलं. अध्यक्ष माझ्याकडे डोळे विस्फारून बघायला लागला. पहिल्या रांगेत, फोटोच्या अगदी समोर उभी असलेली माझी मैत्रीण मागे वळलीसुद्धा नाही.

"दोघींचा," ती म्हणाली.

मग आम्ही शेवट सांगितला, निवट्यांसकट.